परसातली शहाबादी

अहो बाई, फोन असा कानाजवळ धरा. दुसरी कुणी असती तर कानच धरला असता, पण तुम्ही पडलात थोरल्या जाऊबाई, म्हणून नुसतं बोलून घेते. मागच्या उन्हाळ्यात उदगीरला निघताना पिशवी खांद्याला लावली अन् दारातूनच म्हणालात, "तुमच्या नांदेडच्या घरी पापड सुकवायला हातभर जागा न्हाई. पुढच्या साली येऊन मी काय करू?" अहो, असं बोलतंय का कुणी? मी या घरात आल्यापासून आपलं वाळवण कधी वेगळं झालं का? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बरं, तुमचं खोटंही नव्हतं. गच्चीवर टाक्या अन् सोलर बसल्यावर राहिलं काय, तर मागचं परस. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. तिथं पापड टाकला तर मातीसकट खायचा!

मग पलीकडच्या गल्लीतल्या बाईंनी घरात टाइल्स बसवल्या अन् जुन्या शहाबादी फरश्या रस्त्याच्या कडेला काढून ठेवल्या. मी पदर खोचून गेले. "न्या की काकू," त्या म्हणाल्या, "आमचा तेवढाच कचरा हटतो." कचरा म्हणे! पायानं घासून घासून आरशासारख्या झालेल्या फरश्या त्या.

त्या आणायला आमचे हे अन् त्यांची स्कूटर. पायाशी एक फरशी उभी करायची, हळूहळू घरी यायचं, की परत दुसरी.

"जन्मभर मास्तरकी केली," हे कुरकुरले, "आता हमाली लावली हिनं."

"गुमान चला. तुमचे जुने विद्यार्थी बघून राहिलेत."

पडलेल्या न्हाणीच्या विटा होत्याच. त्यांचा चुना मी जुन्या विळ्यानं खरवडला अन् कडेनं उभ्या लावल्या. गिलाव्याची उरलेली रेती चाळून खाली अंथरली. गवंडी नाही, सिमेंट नाही. मी फरशी ठेवायची अन् ह्यांनी वर उभं राहून डुलते का बघायचं. वजनाचा तेवढा तरी उपयोग!

घोटाळा झाला उतारात. ह्यांनी कुठंतरी वाचलेलं, पाणी ईशान्येला गेलं पाहिजे, घरात बरकत राहते. मीही मान डोलावली. देवाधर्माचं कुणी सांगितलं की आपण लगेच 'हाव, हाव' म्हणतो, तशातली गत. सगळी फरशी बसली, मी हौसेनं दोन बादल्या पाणी ओतलं, अन् ते निघालं थेट स्वयंपाकघरात! आमच्या परसाची ईशान्य म्हणजे माझ्या चुलीचं दार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. उडदाच्या पिठाचा डबा जमिनीवर होता. डबा वाचला, पण खालचं पोतं भिजून लगदा.

मी दारात उभी, ह्यांच्या हातात खराटा.

"आली बघा बरकत," मी म्हणाले.

"आता सगळं उखडायचं?" ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

"उखडायचं. देवाला ईशान्येला पाणी पाहिजे ना? मी तिथं रोज तांब्या भरून ठेवीन."

चार दिवस कंबर धरून दोघांनी परत फरश्या काढल्या, रेती सारखी केली, उतार पेरूच्या झाडाकडं वळवला. आता पाणी ओतलं की पेरू पितो, अन् घटकाभरात फरशी कोरडी. दुपारी तर अशी तापते की चप्पल काढायची सोय नाही. म्हणजे पापडाला झकास!

परवा हौस म्हणून एकटीनंच कुरडया घालायला बसले. चीक घाटता घाटता हात गळाले, गुठळ्या झाल्या. हे मदतीला आले तर सोऱ्या उलटा धरून बसले. झाल्या त्या कुरडया नव्हेत, शेवयांचं घरटं. फरशीवर एवढी मोकळी जागा, अन् पलीकडून "चीक पातळ झाला गं" म्हणायला कुणी नाही.

गहू भिजवायला तीन दिवस लागतात. यायचा दिवस ठरला की परत फोन करा, मी लगेच भिजत घालते. उन्हाळा सरायच्या आत या बाई, लवकर या.