प्रज्ञाचं वाक्य

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मरोळच्या आमच्या ऑफिसखाली लिफ्टची वाट बघत उभी होते. "रश्मीताई, ताई गेली... सकाळी सहाला," एवढंच तो म्हणाला. मिलिंद हा प्रज्ञाचा धाकटा भाऊ. रडू आलंच, पण त्याच्याही आधी एक विचार मनात येऊन गेला. तो इथे लिहिला नाही, तर हा सगळा लेख खोटा ठरेल. आता मी काही केलं की 'प्रज्ञाला दाखवलंस का?' असं मला कुणी विचारणार नाही... हा तो विचार. क्षणभरच आला, पण आला. सात आठवडे झाले, अजून टोचतोय.

आमचं काम आधी सांगते. जनुकीय चाचणीचा रिपोर्ट लॅबकडून येतो तो पंधरा-वीस पानांचा. डॉक्टरांसमोर पेशंट बसलेला असतो, बाहेर रांग असते. त्या पानांतलं नेमकं महत्त्वाचं काय, हे डॉक्टरांना संगणकावर एका नजरेत कळावं, असे स्क्रीन आमची छोटीशी कंपनी बनवते. ते दिसावेत कसे, हे मी ठरवते. मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, आणि त्याचा मला तोराही होता. प्रज्ञा मुलुंडची. एका लॅबमध्ये तिने नऊ वर्षं पेशंटचं रक्त काढलं होतं. आमच्याकडे तिला घेतलं ते स्क्रीनवरचे शब्द तपासायला. पहिल्याच आठवड्यात माझं काम बघून ती म्हणाली, "झकास दिसतंय गं. पण डॉक्टर हे वाचताना तू त्यांच्या बाजूला बसलीयस का कधी?" मी बसले नव्हते. तिने कुणाकुणाच्या परवानग्या काढल्या आणि ओपीडीत जाऊन कोपऱ्यात बसायला लागली.

या चाचणीची उत्तरं तीन असतात. धोक्याचा बदल सापडला, सापडला नाही, किंवा बदल सापडला पण त्याचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही. पहिल्याला मी लाल रंग दिला होता, दुसऱ्याला हिरवा. तिसऱ्यासाठी फार शोधून एक सुंदर, हळदीसारखा पिवळा निवडला होता. त्या पिवळ्यावर माझा इतका जीव होता की मी तो आईलासुद्धा दाखवला होता.

एका दुपारी प्रज्ञा ओपीडीतून परत आली ती थेट माझ्या टेबलापाशी. सगळ्यांसमोर बोलली नाही, मला जिन्यात घेऊन गेली. त्या दिवशी एका बाईचा रिपोर्ट पिवळा आला होता. बाईच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला. सकाळपासून पेशंट बघून दमलेले सर्जन स्क्रीनकडे बघून म्हणाले, "पिवळा आहे, म्हणजे थोडा धोका आहे." बाई म्हणाली, "दोन्ही काढूनच टाका डॉक्टर. मुली लहान आहेत माझ्या." ऑपरेशनची तारीख बघायला सरांनी डायरी उघडली. पेशंटसमोर तोंड उघडायचं नाही, या अटीवर प्रज्ञाला तिथे बसू दिलं होतं. ती उठली आणि म्हणाली, "सर, एक मिनिट बाहेर येता?"

सर चिडले. पण बाहेर आले. या बदलाचा अर्थ अजून माहीत नाही, असं लिहिलेलं रिपोर्टचं अकरावं पान काढून तिने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आत जाऊन डायरी मिटली आणि त्या बाईला जनुकीय सल्लागाराकडे पाठवलं.

"तुझा पिवळा लोक सिग्नलसारखा वाचतायत गं," प्रज्ञा म्हणाली.

"डॉक्टरांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"त्यांना वाचता येतं. वेळ नाहीये त्यांना. आपण कशाला आहोत मग?"

बाईवरचं संकट टळलं याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एवढंच दिसत होतं, की माझी चूक सापडली आणि ती हिला सापडली. चार दिवसांनी प्रज्ञाने नवा स्क्रीन मांडला. रंग नव्हताच. सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'बदल सापडला आहे. त्याचा अर्थ आज माहीत नाही. केवळ यावरून उपचार ठरवू नका.' खाली सल्लागाराला फोन लावायचं बटण. ती आधी मराठीत लिहायची, मग त्याचं इंग्रजी करायची. डॉक्टरांना तो स्क्रीन इतका आवडला, की ऑफिसात त्याचं नावच 'प्रज्ञाचा स्क्रीन' पडलं. घरीही सुटका नव्हती. बोरिवलीला आमच्याकडे ती जेवायला आली, तर आईने स्वतःचे शुगरचे रिपोर्ट काढून तिच्यापुढे ठेवले. सोलकढी वाढताना मला म्हणाली, "बघ, कसं समजावून सांगता ही! तू नुसती वैतागतंस." त्या रात्री मी आईशी बोलले नाही.

मग जुहूच्या एका हॉटेलात डॉक्टरांची परिषद झाली. आमचं काम मी मांडलं, कारण मला स्टेजवर बोलता येतं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "'केवळ यावरून उपचार ठरवू नका', हे वाक्य कुणाला सुचलं? अनेकांना वाचवेल हे." प्रज्ञा तिसऱ्या रांगेत होती. मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी म्हणाले, "आमच्या टीमला."

टाळ्या पडल्या. बाहेर पडून आम्ही चौपाटीवर गेलो. तिने दोन पावभाजी सांगितल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राग आलाय मला. सांगून ठेवते. आता खा." ती आरडाओरडा करती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली नाही... पाव संपवला.

पुढच्या वर्षी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. त्यानंतर तिला सगळे मिळून साडेतीन महिने मिळाले. मी फोन करायचे, जायचं मात्र टाळत होते. शेवटी गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, मनगटं काडीसारखी झालेली. बोलायचं ठरवून गेले होते, तरी अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हटलं, "प्रज्ञा, मी तुझ्यावर जळायचे."

"माहितेय," ती म्हणाली. "तोंडावर दिसायचं तुझ्या."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"जळायचीस तेव्हा काम भारी करायचीस यार. मला मागे टाकायला म्हणून का होईना." ती हसली आणि त्या हसण्याने तिला धाप लागली. मी पाणी दिलं. जुहूचं मात्र दोघींनीही काढलं नाही. ते मी काढायला हवं होतं.

ती गेल्यावर महिन्याभराने मी पुन्हा मुलुंडला गेले. तिच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेले होते. ते एकच वाक्य बावीस तऱ्हांनी लिहिलेलं, एकवीसवर काट मारलेली. तिची आई, ताराकाकू, मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यभर हॉस्पिटलात आया म्हणून नोकरी केली. "संध्याकाळी आली की मला वाचून दाखवायची," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाय तर खोडायची. मला कळलं की मगच हापिसात न्यायची."

आम्हाला वाटायचं, हिला शब्द आपोआप सुचतात.

मग काकूंनी विचारलं, "तुझ्याकडं हाय का काही लिहिलेलं?" पर्समधल्या वहीत नव्या स्क्रीनचा मजकूर होता. मी वाचला. "कळलं नाय," काकू म्हणाल्या. मी खोडलं, पुन्हा लिहिलं. "नाय." तिसऱ्यांदाही नाही. चहा झाला, मिलिंद कामावरून आला, मी लिहीतच होते. सहाव्यांदा वाचलं तेव्हा काकूंनी मान हलवली.

"हां, आता कळलं," त्या म्हणाल्या आणि कप उचलता उचलता, अगदी सहज, "ते कपाटातलं सोडलं तर प्रज्ञाचं दोन-तीनदातच कळायचं."

ती नाही, तरी मी तिच्यावर जळलेच. मी वहीचं पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.