फक्त माझीच साडी धुतली

मैत्रिणींनो, आज नारायण पेठेतल्या क्विल्टवाल्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच गेले. जुन्या साड्यांच्या पाकळ्या गोल जोडून सगळ्यांनी मिळून एक ड्रेस्डेन प्लेट, म्हणजे गोधडीवरचं मोठं गोल फूल, शिवायची होती.

मी आईची निळी साडी नेली होती, धुऊन, इस्त्री करून. ज्यांच्या घरी जमलो त्या काकूंनी गोड आवाजात विचारलं, "आपलं आडनाव?"

मी सांगितलं.

"अच्छा. मग ही आधी धुऊन घेऊ. रंग जातो हो."

बाकीच्यांच्या साड्या तशाच कापल्या.

बादलीतलं पाणी स्वच्छच राहिलं. मी म्हटलं, "काकू, रंग नाही गेला."

"असू द्या. धुतलेलं बरं असतं."

माझी साडी वाळायच्या आतच त्यांची प्लेट शिवून झाली. ओली साडी पिशवीत घालून विश्रांतवाडीला परत आले.

तुम्हीच सांगा, रंग जात नव्हता, तर काकू नेमकं काय धूत होत्या?