मशीन गेली, सुंदरबाई राहिल्या

आमच्या मेडशीत एसटी थांब्याजवळ वहाबभाईंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. त्याला लागूनच माझं चहाचं हॉटेल, म्हणून खात्रीने सांगतो: एवढा स्वच्छतेचा वेडा माणूस अख्ख्या मालेगाव तालुक्यात सापडायचा नाही. माझ्या बाकावर बसायच्या आधी हे गृहस्थ बाक पुसतात. तेही माझ्याच फडक्याने, आणि वर फडक्याला नावं ठेवतात.

परवा त्यांच्या अंगात आलं आणि ते कंप्युटर साफ करायला बसले. पत्रिका मांडायचा जुना प्रोग्राम त्यांनी काढून टाकला, कारण पुण्याहून सुट्टीत आलेला त्यांचा मुलगा अजहर नवा टाकून देऊन गेला होता. तेवढ्यावर थांबतील तर वहाबभाई कसले! जुन्या प्रोग्रामने येताना सोबत बरंच सामान आणलेलं. नवरदेव गेला आणि वऱ्हाड मांडवातच, असा तो प्रकार. कंप्युटरनेच विचारलं, हे आता कोणाच्या कामाचं नाही, काढू का? वहाबभाईंनी खुशीत 'हो' दाबलं आणि मला हाक मारली, "साफ झालं बे! चहा आण."

चहा घेऊन गेलो तर सुंदरबाई कंप्युटरसमोर उभ्या. वहाबभाईंच्या वडिलांच्या काळापासून या बाई दुकानात पत्रिकांच्या घड्या घालतात. आज मात्र पत्रिका घरचीच होती, त्यांच्या नातीची, संस्कृतीची. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायची, आणि ती घेऊन त्यांचा मुलगा रामराव दुपारच्या एसटीने निघणार होता.

"वहाब, नवरीचं नाव कुठं हाय रे? ह्या तं नुसत्या चौकटी दिसून राह्यल्या."

खरंच की! गणपतीच्या चित्राखाली रिकाम्या चौकटींच्या रांगा. मराठी अक्षरं, म्हणजे तो फॉन्ट का काय, जुन्या प्रोग्रामसोबत आली होती, ती उरलेल्या सामानात निघून गेली. नवा प्रोग्राम तीच वापरायचा, पण त्याचा कंप्युटरला पत्ताच नव्हता.

"भाई," मी म्हटलं, "सोयाबीन सोंगलं तं मधातली तूर बी उपटली काय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप कपबशा आवरायला लागलो. सुंदरबाईंनी एकदा बाहेर एसटीच्या थांब्याकडे पाहिलं. पदराच्या टोकाशी चाळा करत स्टुलावर बसून राहिल्या, आणि मला माझ्या चेष्टेचं वाईट वाटलं.

वहाबभाईंनी अजहरला फोन लावला. तो काय म्हणाला ते आम्हालाही ऐकवलं, "जुना प्रोग्राम वापस आणाची गरज नाही म्हणते. अक्षरं तेवढी त्यायच्या नावानं बोलवा. नावानं बोलावलं का मंग कंप्युटर त्याले उरलेलं समजत नाही. काढू का म्हणून इचारत बी नाही."

वहाबभाईंनी त्या अक्षरांचं नाव टाकलं. मोबाइलच्या इंटरनेटवरून अक्षरं हळूहळू आली, आणि चौकटींच्या जागी झळकलं: चि. सौ. कां. संस्कृती.

"आली माही पोरगी!" सुंदरबाई टाळी वाजवून उठल्या. पत्रिका छापून झाल्या, त्यांनी पहिलीला घडी घातली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि थांब्यावर हॉर्न वाजवणाऱ्या गाडीत रामराव उडी मारून चढला. इतका आनंद झाला की मी सगळ्यांना फुकट चहा पाजला. वहाबभाईंनी कप पुसून घेतला, ते सोडा.

चहा पिता पिता सुंदरबाई म्हणाल्या, "तुह्या बाबाची छापाची मशीन भंगारात गेली, तवा मी बी अशीच उरली होती, वहाब. मशीनसंगच आलेली बाई मी. मले काहून नाही काढलं?"

"काकू, इसरल्या काय? तुमी तं काम सुटलं समजून घरी बसल्या होत्या. तुमच्या दारात येऊन सुंदरबाई, सुंदरबाई म्हणून हाका मारल्या होत्या मी. सारी गल्ली बाहीर आली होती."

"हाव, आली होती."

"मंग? नावानं बोलावून आणलं तुमाले. आता कोण काढते?"

सुंदरबाईंनी डोळे पुसले आणि हसत पत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला. "सरक मंग तिकडं. साऱ्या घड्या बाकी हायत."