सातारा ते सांगली: आठ बोटांनी विणलेला गोफ

सांगलीच्या कार्यशाळेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "वाईट वाटून घेऊ नका, पण या कामाला दहाही बोटं लागतात. तुमची जागा मी दुसऱ्या कुणाला देते."

लहानपणी कडबाकुट्टीत माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. नाव नोंदवताना हे मीच मोकळेपणानं कळवलं होतं. शिकवणार होते हातानं विणायचे गोफ. सकाळी जपानी कुमिहिमो, दुपारी युरोपातले मध्ययुगीन गोफ, दोऱ्याचे फास बोटांवर घेऊन विणायचे. व्हिडिओ बघून वर्षभर घरी धडपडले होते मी. फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "शनिवारी मी सांगलीला जातेय."

शुक्रवारी दुपारी स्कूटर काढली. कोरेगाव सोडलं की वर्धनगडाचा घाट लागतो. उसाच्या ट्रॉल्या वळणावर अख्खा रस्ता अडवतात, तेव्हा घाई करू नका. घाट उतरला की हवाच कोरडी होते. रानात शाळू हुरड्याला आला होता. मुक्काम वडूजला सुरेखावन्संकडे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. तिचा मुलगा फौजेत आहे आणि घरात तिचाच हुकूम चालतो. फोनचं ऐकून ती म्हणाली, "एकटी कशाला जातीस? मी येते मागं बसून. बघू कोण उठवतंय!"

पहाटे निघालो. मायणी, विटा, तासगाव. विट्याच्या पुढं खड्डे आहेत, मागच्या माणसानं सीट धरून बसावं. तासगावात बेदाणे घ्या, तिथं चाखून घेऊ देतात.

दारातच बाईंनी ओळखलं. "अहो, तुमचं नाव काढलंय मी."

"मग घाला परत," वन्सं म्हणाली. "एवढ्या लांबनं आमी काय चहा प्यायला आलोय व्हय?"

बाई अवघडल्या. म्हणाल्या, "बसा मग. बघा नुसतं."

सकाळी खरंच नुसतं बघावं लागलं. मधोमध भोक असलेली गोल लाकडी घोडी, तिच्या कडेवरून लोंबणारे वजन लावलेले रेशमी धागे. हातानं फक्त धागे पलीकडे टाकायचे. हे मला डोळे मिटून जमलं असतं, पण घोड्या सगळ्या दिलेल्या होत्या. मला इतका राग आला होता की वन्संनं आणलेली शेंगापोळीसुद्धा गिळवेना.

दुपारच्या गोफाला घोडी लागत नाही. मी घरून आणलेला दोरा काढला, टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि उभी राहिले. जो फास माझ्या गेलेल्या बोटावर बसायला हवा होता, तो अंगठ्यावर घेतला. पहिल्यांदा निसटला, सगळा गुंता झाला. सोडवून पुन्हा सुरू केलं. शेजारची एक मुलगी हळूच म्हणाली, "राहू द्या ना ताई, दमाल."

"दमले की सांगते."

वीतभर गोफ उतरला तेव्हा बाई मागं येऊन उभ्या होत्या. "अंगठ्यावर फास घेत नाहीत. ही पद्धत नाही."

"आजपासून आहे," मी म्हटलं. माझे हात थांबले नाहीत.

शेवटी रुंद गोफ. तो दोघींनी शेजारी उभं राहून विणायचा, एकमेकींच्या फासातून फास ओढून घ्यायचा आणि ताण सारखा ठेवायचा. जोड्या पडल्या. माझ्याकडे कुणी आलं नाही. वन्सं पदर खोचून उठली. "मला दाव. पोरींच्या वेण्या घातल्यात मी." ती चुकली, हसली, मला शिव्या घातल्या, पण घट्ट ओढत राहिली. गोफ हातभर झाला.

बाईंनी तो बोटांत धरून पाहिला. "मधे सैल पडलाय."

"तिथं मी चुकले," वन्सं म्हणाली. "हिचं बराबर हाय."

बाईंनी गोफ माझ्या हातात परत दिला. माफी मागितली नाही. फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं, तेव्हा मी पुढच्या रांगेत बसले आणि गोफ डाव्या हातात वर धरला.

रात्री एसटी स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. साधं, पण स्वच्छ. पाण्याची बादली आधीच मागून ठेवा. अंथरुणावर बसून भडंग खाताना वन्संनं विचारलं, "जीव थंड झाला का?"

"नाही."

"बरं हाय मग," ती म्हणाली आणि भडंगातले शेंगदाणे माझ्या पुढ्यात सारले.

परत येऊन काही आठवडे झाले. गोफ माझ्याकडे नाही. वन्संचा मुलगा सुट्टीवर आला होता, त्यानं तो ट्रंकेच्या किल्लीला बांधून नेला. काल शेजारच्या काकू आल्या आणि दारातच थबकल्या. "गोफ विणायला शिकावं म्हणतीय गं. पण माझे सांधे धरलेत, बोटं वाकत न्हाईत. जमंल का मला?"

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मी दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "बसा."