लाल पट्टीची कलमं

लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आले तेव्हा सासऱ्यांच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत मला महिन्यातले चार दिवस बंदी होती. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधून कलम करायचं, आणि पाळीतल्या बाईचा हात लागला की तो डोळा म्हणे काळा पडतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माहेरी, मूर्तिजापूरजवळ, मी बाबांच्या गुलाबांवर कितीतरी डोळे बांधले होते. त्या गुलाबांनी मला कधी तारीख विचारली नाही.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. खरंच काळा पडत असेल तर? एकदा सासरे लग्नासाठी अमरावतीला गेले आणि नेमकी माझी पाळी आली. मी एका वाफ्यातल्या वीस रोपांवर डोळे बांधले, लाल पट्टीने. पाचव्या दिवशी त्याच वाफ्यातली आणखी वीस बांधली, पांढऱ्या पट्टीने. डोळे एकाच झाडाचे, चाकूही तोच. उलटं निघालं तर गुमान घरात बसायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पुढचे तीन आठवडे मी रोज त्या वाफ्याभोवती चकरा मारत होते.

पट्ट्या सोडायला सासरेच बसले. लाल पट्टीचे दोन डोळे काळे निघाले, पांढरीचे तीन. एका डोळ्याच्या फरकावर मी शहाणपणा सांगणार नाही, पण लाल पट्टीचे अठरा हिरवेगार होते.

"लाल पट्टी कोनं बांधली? याले म्हंतात हात!"

"मीच बांधली, मामाजी. त्या चार दिवसांत."

त्यांचा चेहरा उतरला. "आमाले फसवलं तू?"

"फसवलं. इचारलं असतं तर तुमी हो म्हनलं असतं काय?"

ते उठून गेले. त्यानंतर मला कोणी अडवलं नाही.

मी मोठ्या तोऱ्यात स्वयंपाकघरात गेले. हा नियम सासूबाईंनाच सगळ्यात प्यारा, असं मी धरून चालले होते. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुहं खरं हाय. पन माही पाळी बंद झाली तवा मी रडली होती. तेवढेच चार दिवस मले कोनी काम नव्हतं सांगत."

चाळीस रोपं तपासली, पण या बाईला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. लाज वाटली.

पुढच्या पाळीत पहिल्या दिवशी मी रोपवाटिकेत गेले. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. समोरच्या खोलीत पलंगावर मधोमध बसले आणि सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोट दुखून राहिलं. आज काम नाही करत. हा इटाळ नाही, आराम हाय."

सासूबाईंनी पिठाचे हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुले काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काई नाही झालं," पाय वर घेत त्या म्हणाल्या. "मीबी आराम करून राहिली."