घंटेकाकांची मधली सुट्टी

लॉकडाऊनमध्ये शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी घंटेकाका शाळेची पितळी घंटा घरी घेऊन आले, उगाच चोरीला जायला नको म्हणून. ते तेवीस वर्षं शाळेत शिपाई होते, पण घंटा देण्याखेरीज दुसऱ्या कशात त्यांचा जीव रमला नाही. आता दोन महिने घरी बसून त्यांचा पारा कायम चढलेला. चहा चार मिनिटं उशिरा आला तरी घर डोक्यावर घ्यायचे. बायको म्हणायची, "शाळा उघडू दे बाई एकदाची, नाहीतर मीच कुठेतरी पळून जाते."

एके सकाळी मुख्याध्यापिकांचा फोन आला. काकांना वाटलं, नोकरी गेली, दुसरं काय!

"काका, बाई फोनवर शिकवायला लागल्या की थांबतच नाहीत हो. तास संपल्याचं कुणालाच कळत नाही. मुलं रडकुंडीला आलीत. तुम्ही घरून घंटा द्याल का?"

काकांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा गणवेश चढवून ते फोनसमोर बसले. मांडीवर घंटा, नजर घड्याळावर. वेळ झाली तशी त्यांनी खणखणीत घंटा दिली.

"काका, एवढं गणित संपवते, दोनच मिनिटं!" बाई म्हणाल्या.

काकांनी आणखी जोरात दिली.

फोनवरच्या काळ्या चौकटी भराभर उघडल्या. "घंटेकाका!" मुलांनी एकच गलका केला. त्यातून एक चिमुरडी म्हणाली, "काका, आपली शाळा आहे ना अजून?"

काकांनी घंटा फोनजवळ धरली.

"आहे तर! ही काय, माझ्याकडे आहे. पळ आता, पाचच मिनिटं सुट्टी आहे."