माटोळीतला प्लुटो

आमच्या डिचोलीकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, पानं, कंद लटकवायचे. वाड्यावरच्या घरांमधे तिची स्पर्धाही असते आणि माझे बाबा त्या स्पर्धेत वर्षानुवर्षं दुसरे येत आले. खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला हा शांत माणूस, पण चवथ जवळ आली की हट्टाला पेटतो. एकदा तरी पहिलं यायचंच.

गेल्या वर्षी त्यांनी सूर्यमाला करायची ठरवली. सूर्याला पिवळाधमक चिबूड, गुरूला पपनसासारखं मोठं तोरिंग, मंगळाला रानातलं लालभडक कवंडाळ. त्या कवंडाळासाठी दोन दिवस रान तुडवलं. सगळं बांधून झाल्यावर नववा ग्रह म्हणून एक सुपारी घेऊन ते स्टुलावर चढले आणि मी तोंड उघडलं. हायस्कुलात विज्ञान शिकवते, गप्प बसवत नाही.

"बाबा, प्लुटो ओळीत नको. ग्रह आता आठच."

"आमी शाळेत नऊ शिकलो. तूय नऊच शिकलंस!"

खरं होतं. मग मी स्टुलाखाली उभी राहून तासच घेतला. नेपच्यूनच्या पलीकडे प्लुटोसारखेच आणखी गोल सापडत गेले. एरिस तर जवळपास त्याच्याच आकाराचा. सगळ्यांना ग्रह म्हणायचं, की ग्रह कशाला म्हणायचं तेच नीट ठरवायचं? शास्त्रज्ञांनी ठरवलं. गोल असून ज्याने आपली वाट मोकळी केली तो ग्रह, आणि ज्याच्या वाटेत अजून इतरांची गर्दी आहे तो बटुग्रह. सीरिसला तर आधी ग्रह म्हणत, मग लघुग्रहांत ढकललं आणि आता बटुग्रहांत घेतलं.

"म्हणजे तिका बढती गावली," एवढंच बोलून बाबा उतरले. सुपारी तशीच खिशात. मी मनात म्हटलं, बिघडवलंस पोरी त्यांचं.

सकाळी बघते तर आठ ग्रह जाड दोरीवर आणि पाच बटुग्रह जरा खाली, बारीक दोऱ्यांना. सीरिस मंगळ आणि गुरूच्या मधे, सुपारीचा प्लुटो धरून बाकीचे चार नेपच्यूनपलीकडे. हौमिया लांबट असते हे मी बोलता बोलता सांगितलं होतं, तर तिच्या जागी चक्क आंबाडा!

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. दोनदा मान वर करून मोजलं, खूश दिसले. मग बाबांच्या कानाशी लागले, पण मला ऐकू आलं. "काका, ग्रह नऊ. ती सुपारी तेवढी वरच्या दोरीला घ्या, पहिला नंबर तुमचाच."

घ्या हो बाबा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. शिक्षिका असून. तशी लाज वाटते सांगायला.

बाबांनी सुपारीला हात लावला नाही. म्हणाले, "खाणीर आमी फातर तपासताना लोखंड कमी भरला की तो डंपार, टाकाऊ ढिगार टाकायचो. मागीर कमी लोखंडाचो मालय खपूक लागलो, तसो तोच डंप ट्रकार चडलो. फातर तोच, रेघ सरकली. हंयसर पण तसाच झाला. शिकान सरकवलेली रेघ मी नंबरासाठी मागे घेवचंय नाय."

परीक्षक हसले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. बाबा पुन्हा दुसरे आले.

मी चिडले, परीक्षकांवर, स्वतःवर. बाबा मात्र निवांत. माटोळी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पाचही नावं न अडखळता सांगत होते आणि मी दाराशी उभी राहून छाती फुगवून ऐकत होते. इतकी वर्षं शिकवतेय, शेकडो पोरांनी माझा धडा पाठ केला, पेपरात उतरवला आणि विसरून गेली. बाबांनी त्याच्यापायी पहिला नंबर सोडला.